न गुदरलेल्या बाक्या प्रसंगास

प्रति,
मा. बाका प्रसंग,
मु. पो. पुढच्या वळणाआड, रेवस–रेड्डी सागरी महामार्ग.

विषय : पाच दिवस वाट पाहूनही आपण न गुदरल्याबाबत.
संदर्भ : आमच्या साडूंची लडाखची सहल.

महोदय,

डिसेंबरात पाच दिवस रजा टाकून मी आणि सौ. रेवदंड्यापासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी हाकत गेलो. (गावाचं नाव रेडी, महामार्गाच्या नावात रेड्डी. निदान यावरून कोणाशी तरी वाजेल अशी आशा होती. नाही वाजलं.)

आमचे साडू तीन वर्षांपूर्वी झोजिलाच्या अलीकडे दरड कोसळून एक रात्र गाडीत अडकले होते. त्या एका रात्रीवर त्यांनी आजवर दोन मुंजी, एक डोहाळजेवण आणि असंख्य रविवार काढले आहेत. दर वेळी दरड थोडी वाढते. पहिल्या वर्षी बिस्किटांचा पुडा होता, आता तोही काढून टाकलाय. आमच्या वाट्याला दरड नको होती, एवढे आम्ही लोभी नाही. पण एखादा फुटका रेडिएटर?

आणि तुमच्या सोयीसाठी या रस्त्याने काय करायचं बाकी ठेवलंय? सह्याद्री आणि समुद्र यांच्यात जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरची पट्टी. तेवढ्यात नद्यांना उरकायचं असतं, म्हणून त्या खोल कापत येतात; मुखाशी समुद्र आत घुसतो आणि त्यांची खाडी होते. त्यामुळे वर जांभ्याचं पठार, म्हणजे सडा, मग उतार, मग खाडी, मग चढ, पुन्हा सडा. दर उताराला ब्रेक दगा देऊ शकतात, दर चढाला इंजिन तापू शकतं, दर वळणाला चिऱ्यांनी लादलेला ट्रक अंगावर येऊ शकतो. आमचे ब्रेक लागले. इंजिनाचा काटा मधोमध बसला तो बसलाच. चिऱ्यांचे ट्रक भेटले, त्यांनी साइड दिली.

फोटोत सगळे दाखवतात तो आरे-वारेचा किनारा दहा मिनिटांत संपतो. उरलेला सागरी महामार्ग हा मुख्यतः सागर न दिसणारा रस्ता आहे, हे कोणी आधी सांगत नाही. पिवळं पडलेलं गवत, काळा कातळ, विजेचा खांब, मग दुसरा खांब. पूर्णगडाच्या पुढे मी खांब मोजू लागलो. सौ. तर सडा आला की झोपायची आणि उतार लागला की उठून विचारायची, "खाडी आली का?" आलेली असायची.

खाड्यांवर मात्र माझी फार भिस्त होती. १९८० साली मुख्यमंत्री झालेल्या बॅरिस्टर अंतुल्यांनी या रस्त्याचं स्वप्न पाहिलं. पण काही मोठ्या खाड्यांवर अजून जंगलजेट्टीच, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोटच, आपल्याला पलीकडे नेते. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. चार खाड्या, म्हणजे भर पाण्यात चार संधी! दाभोळहून गुहागरला जायचं तर जंगलजेट्टी चुकणाऱ्याला पार चिपळूणकडून वळसा पडतो. आपली नक्की चुकणार, असं मी धरून चाललो होतो. आम्ही पोचलो तेव्हा फळी खाली टाकलेली होती आणि एका गाडीची जागा शिल्लक होती. तिथला माणूस हाताने खुणावत होता, "येऊ दे, येऊ दे... बस्स!" बस्सला गाडी आणि पुढच्या टेम्पोत चार बोटांचं अंतर. चार बोटं, महोदय. तीनही नाहीत, की निदान त्यावरून काही रचता यावं.

बागमांडल्याहून निघाल्यावर बाणकोटच्या खाडीत अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब दिसतात. ते कित्येक वर्षं तसेच उभे आहेत. सबंध प्रवासात मला समदुःखी भेटले ते एवढेच.

केळशीच्या अलीकडे एका अरुंद घाटीत समोरून एसटी आली. मी मनात म्हटलं, आले! आता शब्दाला शब्द लागणार, मागे रांग लागणार, कोणीतरी खाली उतरणार. मी गाडी मागे घेतली. चालकाने एसटी जांभ्याच्या गडग्याला घासेल इतकी कडेला घेतली. खिडकीतून टोपलीतल्या कोंबडीने माझ्याकडे बघितलं. चालकाने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं, मीही एक बोट उचललं, आणि एसटी गेली. पाच दिवसांतला हा आमचा परक्या माणसाशी झालेला सर्वांत दीर्घ संवाद.

खाणावळींनीही साथ दिली नाही. "सुरमई आहे का?" म्हणून विचारलं, तर होती. ताजी होती. बिल बरोबर होतं. मी दोनदा बेरीज केली.

आडिवऱ्याच्या पुढे भर रस्त्यात एक कुत्रा आडवा पडला होता. मी हॉर्न दिला. त्याने एक डोळा उघडला, गाडीचा नंबर वाचल्यासारखं केलं आणि मिटला. मी दोन चाकं कातळावर घालून त्याला वळसा घातला. खडखड झाली. सौ. झोपेतच कूस बदलून म्हणाली, "हळू." प्रवासवर्णनाचा कळसाध्याय म्हणावा तो हाच, आणि त्यातला नायक झोपलेला, नायिकाही झोपलेली.

परतल्यावर गेल्या रविवारी साडूंकडे जेवायला गेलो. आमटी वाढता वाढता त्यांनी विचारलं, "काय मग, काय विशेष?" सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. मी काय सांगणार? चार बोटं? खांब?

मी म्हणालो, "आडिवऱ्याच्या पुढे टायर फुटला. सड्यावर. माणूस नाही काणूस नाही."

साडूंचा घास थांबला. "रेंज?"

"नव्हती."

तीन वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याकडे बरोबरीच्या माणसाकडे बघावं तसे बघत होते. तेवढ्यात पोळ्या घेऊन आलेली सौ. दारातच थबकली. "अहो, कधी? मी झोपले होते तेव्हा?"

मी मान हलवली. दुसरा इलाज नव्हता.

तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. "पाच दिवसांत एकुलती एक गोष्ट घडली आणि तुम्हाला मला उठवावंसं वाटलं नाही," एवढंच म्हणते. खरं सांगावं तर साडू आहेत, न सांगावं तर ही आहे.

तरी कृपया मागील तारखेने, आडिवऱ्याच्या पुढे, डाव्या मागच्या चाकावर आपण गुदरल्याची नोंद व्हावी, ही विनंती.

आपला,
एक सुखरूप चालक

ता. क. : साडू शनिवारी गाडी बघायला येणार आहेत. स्टेपनीवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. काय ते लवकर कळवावे.