चाळीस दिवसांची मुदत

चौदा वर्षांपूर्वी बेंगळुरूला आलो तेव्हा दोन गोष्टी तात्पुरत्या म्हणून घेतल्या. एक, एचएसआर लेआउटमधला दोन खोल्यांचा फ्लॅट, अकरा महिन्यांच्या करारावर. दुसरी, फाइली दाबून त्यांचा गठ्ठा बांधणारं लॅपटॉपवरचं विनरार, चाळीस दिवसांच्या बोलीवर. फ्लॅटचे आजवर पंधरा करार झाले. दर वेळी भाडं वाढतं, ओनर-अंकल वर येऊन नळ सोडून बघतात, भिंतीतल्या खिळ्यांकडे दुखावल्यासारखे पाहतात आणि जातात. विनरारचं तसं काही नाही. मुदत संपल्यावर ते उघडलं की एक छोटीशी खिडकी येते. वापरून बघायचे दिवस संपलेत, आता विकत घ्यावं, असं ती म्हणते. मी ती बंद करतो. मग ते मुकाट्याने कामाला लागतं. इतक्या अदबीने उधारी मागणारा वाणी आमच्या मिरजेत एका महिन्यात दुकानाला कुलूप लावून गावी गेला असता.

यातली लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी की माझं पोट याच धंद्यावर चालतं. सत्ताविसाव्या मेनवर आमची एक स्टार्टअप आहे. खाली बिर्याणी, मध्ये आम्ही, वर आणखी एक स्टार्टअप. फुकट वापरणाऱ्यांना पैसे भरायला लावणं हे माझं काम. कोणाला कितव्या दिवशी कोणत्या रंगाचं बटण दाखवलं तर तो खिशात हात घालेल, यावर मी आठवड्यातून तीन मीटिंगा घेतो. त्या मीटिंगांच्या फाइली पाठवताना विनरारची खिडकी येते आणि मी तिच्याकडे न बघता ती बंद करतो. बटणाचा रंगसुद्धा सांगता येणार नाही.

एचएसआरमध्ये राहिलं की दाबून लहान करण्याची सवय लागते. होसूर-सर्जापूर रोड एवढं लांबलचक नाव घ्यायला कोणाला सवड नाही, म्हणून एचएसआर. शेजारी बीटीएम : भैरसंद्रा, तावरेकेरे आणि मडिवाळा ही तीन गावं तीन अक्षरांत बसवलेली. जेपी नगरात जयप्रकाश नारायण घडी घालून ठेवलेत, आरटी नगरात रवींद्रनाथ टागोर. आमची राणी चन्नम्मा एक्सप्रेस जिथे पोचते त्या केएसआर स्टेशनात क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा आहेत. हे सगळं उलगडून कोणी दाखवत नाही. रिक्षावाल्याला ‘होसूर-सर्जापूर रोड लेआउट’ म्हणून बघा, तो मीटर बघावा तसं तुमच्याकडे बघेल.

तर अशा ठिकाणी बसून मी मिरजेतल्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फाइली झिप करायला शिकवलं, त्याची ही हकीकत.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि वर्षभरात कुलवृत्तांताच्या नादी लागले. गावोगावच्या भाऊबंदांकडून मोडी कागद, पत्रिका, मुंजीची निमंत्रणं, भिंतीवरून उतरवलेले फोटो आणायचे आणि स्कॅन करायचे. मजकूर स्वतः टाइप करायचे, तोही नोटपॅडमध्ये. वर्डवर त्यांचा विश्वास नाही, ते आपल्या मनाने परिच्छेद हलवतं म्हणतात. बघता बघता ‘कुलवृत्तांत’ नावाच्या फोल्डरमध्ये शंभर एमबी ऐवज जमला. एकदा लाइट गेले, कॉम्प्युटर रुसला आणि खापरपणजोबांच्या पिढीतल्या सगळ्या चुलत शाखा दोन दिवस बेपत्ता होत्या. त्यानंतर अण्णांनी फोन केला : “याची रोज एक प्रत आपोआप निघाली पाहिजे. मी विसरलो तरी.”

मी म्हटलं, सोपं आहे. इथून त्यांच्या लॅपटॉपमध्ये शिरलो, विनरार टाकलं, चार ओळींची बॅच फाइल लिहिली आणि विंडोजच्या टास्क शेड्यूलरला वेळ दिली दुपारी दोनची. रात्रीची दिली असती, पण रात्री नऊला अण्णा घरातली बटणं एकेक करून बंद करतात, त्यात कॉम्प्युटरचंही करतात. दोन ही वामकुक्षीची वेळ. अण्णा झोपणार, तेवढ्यात अख्ख्या फोल्डरचा त्या दिवसाच्या तारखेचा एक गठ्ठा बांधून तयार. गठ्ठा झिपचाच, कारण पुस्तक लावणाऱ्या डीटीपीवाल्याकडे विनरारचं आरएआर उघडत नव्हतं.

“ठेवायचा कुठे?” मी विचारलं.

“त्याच फोल्डरमध्ये ठेव. सगळं एका ठिकाणी पाहिजे.”

मी ठेवला. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे आहे, अण्णांकडे नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

पहिल्याच दिवशी अण्णांची निराशा झाली. शंभर एमबी घातले आणि गठ्ठा भरला सत्त्याण्णवचा. “मग दाबलंस काय?” त्यांनी विचारलं. स्कॅन केलेली चित्रं जेपीजीची असतात आणि जेपीजी आधीच दाबलेलं असतं, त्याला पुन्हा दाबून काही निघत नाही, हे सांगायला मी भडंगाचा आधार घेतला. आई मला निघताना भडंगाची पिशवी देते. पहिल्यांदा दाबली की हवा जाते, जागा होते. त्याच्यापुढे दाबली की चुरा. जेपीजीने आपला चुरा आधीच करून घेतलेला असतो, फक्त तो डोळ्यांना कळू न देण्याइतका बारीक करतो. मजकुराचं मात्र वेगळं. त्यात हवा भरपूर. अण्णांच्या नोटपॅडच्या फाइली पाचव्या हिश्श्यावर आल्या होत्या.

हे मात्र त्यांना आवडलं. का होतं असं? मग मी फोनवर शिकवणीच घेतली. 1951 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये डेव्हिड हफमन नावाचा विद्यार्थी होता. प्राध्यापकांनी मुलांना सांगितलं, परीक्षा द्या किंवा हा एक प्रश्न सोडवून निबंध लिहा. हफमनने परीक्षा टाळायला निबंध घेतला आणि जी खूण वारंवार येते तिला सगळ्यात आखूड नाव द्यायची पद्धत शोधून काढली. “म्हणजे बघा,” मी म्हटलं, “तुम्ही आईला दिवसातून पन्नास वेळा हाक मारता, तिला नुसतं ‘अगं’. आणि तासगावचे जे वर्षातून एकदा येतात त्यांना नाव, आडनाव, गाव, कोणाचे कोण, सगळं.”

पलीकडून आईचा आवाज आला, “त्या हफमनला म्हणावं, चाळीस वर्षं झाली, माझं नाव आठवतंय का विचार यांना.”

दुसरी युक्ती 1977 सालची, अब्राहम लेंपेल आणि याकोब झिव या इस्रायली गृहस्थांची. मागे येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला तर तो लिहायचा नाही. ‘इतकी अक्षरं मागे जा, तिथून एवढं उचल’ असं लिहायचं. हे समजावायची गरजच पडली नाही. आरतीच्या पुस्तकात प्रत्येक कडव्याखाली धृपद पुन्हा छापत नाहीत, नुसतं ‘धृ.’ असतं. आणि ज्या माणसाने आयुष्यभर सा. न. वि. वि. ने पत्र सुरू करून क. लो. अ. ने संपवलं, त्याला इस्रायलकडून काय शिकायचं? “आम्ही हे टपाल खात्यामार्फत करत होतो,” अण्णा म्हणाले.

देवनागरीची आणखी एक गंमत मी सांगितली. इंग्रजीचं अक्षर एका बाइटमध्ये बसतं, आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, काना-मात्रेलासुद्धा. त्यातला पहिला बाइट कायम तोच, दुसरा दोहोंपैकी एक, खरी माहिती काय ती तिसऱ्यात. म्हणजे प्रत्येक अक्षर आधी घराणं सांगतं, मग गाव, मग नाव. म्हणून मराठी मजकूर इतका छान दबतो. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “कुलवृत्तांतात म्हणूनच आडनाव फक्त मुखपृष्ठावर घेतात.”

असे चार-पाच दिवस आनंदात गेले. मग अण्णांच्या फोनमध्ये तक्रारीचा सूर आला. दुपारी कॉम्प्युटर घोरतो म्हणाले. पंखा लागत असेल, मी म्हटलं. आठव्या दिवशी : “तासभर घोरतो. माझी झोप होते, त्याची होत नाही.” मी मीटिंगमध्ये होतो. जुना लॅपटॉप आहे, असं सांगून फोन ठेवला.

अकराव्या दिवशी अडीच वाजता फोन. “अरे, हा म्हणतोय जागा शिल्लक नाही. आपलं कुळ फार वाढलंय.”

शंभर जीबीहून जास्त मोकळी डिस्क होती. मी आत शिरलो, फोल्डर उघडलं आणि तारखांची ती रांग बघून बिर्याणीच्या वासातही मला घाम फुटला. पहिला गठ्ठा जवळजवळ शंभर एमबी. दुसऱ्या दिवशी शेड्यूलरने फोल्डर बांधलं ते कालच्या गठ्ठ्यासकट : दोनशे. तिसऱ्या दिवशी कालचा आणि परवाचा पोटात घेऊन चारशे. मग आठशे. दहाव्या दिवशीचा गठ्ठा जवळजवळ पन्नास जीबीचा होता आणि त्याच्या पोटात नऊ गठ्ठे, त्यातल्या प्रत्येकाच्या पोटात त्याच्या आधीचे सगळे. खापरपणजोबा त्या डिस्कवर हजारएक वेळा जन्माला आले होते.

तुम्ही म्हणाल, मागे आलेलं पुन्हा लिहायचं नाही ना? मग लेंपेल-झिव कुठे गेले? तर झिपची रीत अशी की तिला मागचं फक्त 32 केबी आठवतं. त्यापलीकडे काय होऊन गेलं, पत्ता नाही. आमच्या एक आतेआजी अशाच होत्या. तीच गोष्ट चहाआधी आणि चहानंतर सांगायच्या, दोन्ही वेळा नव्याने रडायच्या.

मी गठ्ठे पुसले, जागा बदलली, फक्त शेवटचे सात राहतील अशी पाचवी ओळ लिहिली. अण्णा रागावले नाहीत. उलट ते पुसण्याआधी एक गठ्ठा त्यांनी नोटपॅडमध्येच उघडून बघितला होता, नोटपॅड सोडून त्यांना दुसरं येत नाही. आत सगळा चिखल. फक्त सुरुवातीची दोन अक्षरं धड : पी आणि के.

“हे पीके कोण?”

हा प्रश्न आमच्या ऑफिसात आजवर कोणी विचारलेला नाही. फिल कॅट्झ, मी सांगितलं. अमेरिकेतल्या मिलवॉकीचा. 1989 मध्ये त्याने झिप काढलं, ते कसं बांधायचं हे सगळ्यांना खुलं करून दिलं आणि फाइलीच्या तोंडाशी आपली आद्याक्षरं ठेवली. एप्रिल 2000 मध्ये गेला, वय 37. अक्षरं राहिली. तुम्ही विश्वास ठेवत नाही त्या वर्डची फाइल, फोनमध्ये उतरतं ते प्रत्येक ॲप, आतून झिपच असतात. सगळ्यांच्या सुरुवातीला पीके.

अण्णांच्या पेनाचा आवाज मला फोनवर ऐकू आला. “मिलवॉकी. ऱ्हस्व की दीर्घ?”

विनरारचंही नाव त्यांनी असंच उलगडून घेतलं. आरएआर म्हणजे रोशाल आर्काइव्ह. युजीन रोशाल हा रशियन, आणि हक्क सांभाळतो त्याचा भाऊ अलेक्झांडर. भाऊभाऊ अजून एकत्र आहेत याचं अण्णांना फार कौतुक वाटलं. आमच्याकडे 1931 पासून कोणी नाही.

खरी गोची चाळीस दिवस भरल्यावर झाली. अण्णांच्या पडद्यावर ती खिडकी आली. त्यांनी ती बंद केली नाही. वाचली. डिक्शनरी घेऊन वाचली. मग मला फोन.

“आपण हे पैसे न देता वापरतोय?”

मी समजावलं. या प्रकाराला शेअरवेअर म्हणतात. 1982 च्या सुमाराला अमेरिकेत सुरू झालं. माणसं आपला प्रोग्राम वाटून द्यायची, पटला तर पैसे पाठवा म्हणायची. सक्ती कोणी करत नाही. बंदही पडत नाही.

“म्हणजे वार लावून जेवल्यासारखं.”

“साधारण.”

“वार लावणारा पोरगा शिकून नोकरीला लागला की पुन्हा त्या घरी जेवायला जात नसे. गेलाच तर पेढे घेऊन जायचा. तू किती वर्षं जेवतोयस?”

मी विषय बदलून आईच्या गुडघ्यावर नेला. पण ज्या माणसाने सरकारी जीप घराच्या कोपऱ्यावर सोडून उरलेलं अंतर चालत कापलं, त्याला हे पचेना. तीसेक डॉलर होतात हे कळल्यावर त्यांनी मनीऑर्डर जाते का विचारलं. शेवटी माझ्या बायकोने तिच्या कार्डावरून परवाना घेऊन दिला आणि अण्णांनी तिला पैसे त्याच दिवशी बँकेत जाऊन पाठवले, वर एक्कावन्न रुपये. त्यांच्या लॅपटॉपवर आता खिडकी येत नाही. माझ्यावर येते. बायको मागून जाताना एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघते.

मीही घेणार होतो, हो. अजूनही घेणार आहे. पण मग आईलाही उत्तर द्यावं लागेल. तीही रविवारी सकाळी साडेदहाला न चुकता तशीच खिडकी उघडते : दोन वर्षांसाठी म्हणून गेलास, परत कधी येताय? या वर्षी बघू, असं म्हणून मी तीही बंद करतो. तीही बंद होते आणि पुढच्या रविवारी पुन्हा येते.

गेल्या महिन्यात पुस्तकाची मुद्रितं आली. अण्णांनी माझ्या शाखेचं पान पाठवलं, तपासून दे म्हणून. झिप करून. मी विनरार उघडलं, खिडकी आली, बंद केली, पान बाहेर काढलं. दीड ओळीत मी होतो. ज. म्हणजे जन्म, शि. म्हणजे शिक्षण, प. म्हणजे पत्नी, नोकरीला त्यांनी ‘संगणक’ एवढाच शब्द खर्च केला होता. चूक एकही नव्हती. शेवटी होतं : ह. मु. बंगलोर (तात्पुरता).

मी ‘तपासले, बरोबर’ असं लिहून पाठवून दिलं.