उभ्या उभ्या पुस्तकप्रेमी व्हा
नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

पुस्तकप्रेमी होण्यासाठी पुस्तकं विकत घेऊन वाचावी लागतात, असा एक गैरसमज समाजात पसरलेला आहे. त्यामुळे कितीतरी होतकरू मंडळी या क्षेत्राकडे फिरकतच नाहीत. खरं तर जवळपास एखादं पुस्तकांचं दुकान, संध्याकाळचा मोकळा तास आणि शाबूत गुडघे एवढं भांडवल पुरतं. पुढचे धडे क्रमाने गिरवावेत. गाइड वेगळं मिळणार नाही, हेच गाइड आहे.

धडा १ : दुकान ओळखणे

पुस्तकांची दुकानं दोन प्रकारची. पुण्यात अप्पा बळवंत चौकात शिरलात की पायरीवर उभा असलेला मुलगा तुमच्याकडे नीट न पाहताच विचारतो, ‘कितवी?’ तुमचं वय साठ असो, हातात काठी असो, प्रश्न तोच. ‘सातवी, सेमी’ म्हणालात की पुस्तकं, वह्या, खाकी कागद, लेबलं असा गठ्ठा समोर आदळतो आणि पाठोपाठ बिल. इथे प्रेमाला वाव नाही, कारण इथे आलेला प्रत्येक जण विकत घेतो.

दुसऱ्या प्रकारच्या दुकानात कोणी काही विचारत नाही. गल्ल्यावरचे गृहस्थ चष्म्यावरून एकदा पाहतात आणि पुन्हा पार्सलाची सुतळी आवळू लागतात. हे आपलं दुकान. दादरचं आयडियल, डेक्कनवरची इंटरनॅशनल बुक सर्व्हिस, फोर्टातलं किताबखाना ही त्यातली नावाजलेली. तुमच्या गावात एसटी स्टँडजवळ वह्या-पेनांच्या मागे अडीच कपाटं मराठी पुस्तकं ठेवणारा कोणी असेल तर तोही चालेल. किंबहुना त्याच्याकडे उभं राहायला जागा कमी, म्हणून तुमचं प्रेम लवकर चारचौघांच्या नजरेत भरेल.

दुकानाला इतिहास असेल तर तो पाठ करावा. गिरगावच्या मॅजेस्टिक बुक स्टॉलच्या केशवराव कोठावळ्यांनी १९६४ साली ‘ललित’ मासिक काढलं आणि त्यात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने भल्याभल्या लेखकांची टोपी उडवू लागले. पुस्तकविक्रेत्याने पुस्तकांची खबर लोकांपर्यंत पोचवायला स्वतः मासिक चालवायचं! हे सांगताना ‘काय दिवस होते’ असा सुस्कारा टाकावा. तुम्ही वर्गणी भरली आहे का, असं कोणी विचारलंच तर विषय पॉप्युलर प्रकाशनाच्या भटकळांकडे वळवावा. त्यांचा धंदा १९२४ पासूनचा, त्यामुळे बोलायला पुष्कळ आहे.

धडा २ : प्रवेश आणि उभे राहणे

१. पिशवी न सांगता काउंटरवर ठेवा. मुरलेले समजले जाल.

२. चुकून कोणी ‘काय हवंय?’ असं विचारलंच तर ‘काही नाही, जरा बघतोय’ हे उत्तर द्या. यातला पहिला भाग दुकानदाराला अनुभवाने माहीत असतो.

३. मान कलती करा. मराठी पुस्तकांच्या कण्यावरची नावं काही वरून खाली, तर काही खालून वर छापलेली असतात. त्यामुळे दर चार पुस्तकांमागे बाजू बदलावी लागते. वाचनाने होणारा व्यायाम तो एवढाच.

४. पुस्तक काढल्यावर थेट मजकुरात घुसू नका. आधी मलपृष्ठ, मग आवृत्तीचं पान. ‘पहिलीच आवृत्ती दिसतेय’ असं अर्धवट ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणा. हे पान कमी लेखू नये. जी. ए. कुलकर्णींच्या ‘काजळमाया’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, मग प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उठला आणि जीएंनी पुरस्कार परत करून टाकला.

५. पाहून झालेलं पुस्तक दुसऱ्याच कप्प्यात ठेवा. ग्रेस यांचा कवितासंग्रह पाककृतींच्या ‘रुचिरा’शेजारी गेला तरी हरकत नाही. दुकान बंद करताना दुकानदाराला काही उद्योग हवाच.

धडा ३ : शिफारस मागणे

हा सगळ्यांत महत्त्वाचा धडा. या दुकानात संगणक असला तरी खरा कॅटलॉग गल्ल्यामागच्या माणसाच्या डोक्यात असतो, आणि तो फुकट उघडता येतो. ‘जोगवा चित्रपटाचं पुस्तक आहे का?’ एवढंच विचारून पाहा. तो ‘जोगवा’ शोधत बसत नाही. उठून राजन गवसांची ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ अशी दोन पुस्तकं काढतो, फडक्याने वरची धूळ झटकतो आणि दोन्ही तुमच्या पुढ्यात ठेवतो. फोनला विचारलं असतंत तर त्याने गाणी ऐकवली असती.

‘सध्या चांगलं काय आहे?’ या प्रश्नावर तो उलट विचारतो, ‘शेवटचं काय आवडलं होतं?’ इथे नवशिक्यांची भंबेरी उडते. घाबरू नये, ‘मृत्युंजय’ म्हणावं. महाराष्ट्रात या प्रश्नाचं हे अधिकृत उत्तर आहे. मग तो तुमचा चेहरा, वय आणि चपला पाहून पुढचं ठरवतो. त्याच्या ठरलेल्या वाटा साधारण अशा :

मराठी कादंबरी पहिल्यांदाच हातात घेणाऱ्याला तो व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ देतो. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर, मेंढरं, दुष्काळ. पुस्तक लहानसं, एका रविवारी संपतं आणि सोमवारी माणूस पुन्हा दुकानात येतो, असा त्यामागचा हिशेब.

‘काहीतरी प्रेरणादायी’ मागणाऱ्याला तो यशाची सूत्रं सांगणाऱ्या पुस्तकांच्या मांडणीवरून हळूच बाजूला घेतो आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हातात देतो. नवऱ्याने धर्म बदलला, संसाराची घडी विस्कटली, आणि सांगणारी बाई अशी की वाचणाऱ्याला डोळे पुसता पुसता हसू फुटावं.

‘हलकंफुलकं’ मागणाऱ्याला ‘पु. ल. घरी असतीलच’ असं म्हणून तो चिं. वि. जोशींचा चिमणराव पुढे करतो.

प्रवासवर्णन मागणाऱ्याला युरोपऐवजी गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’. दक्षिणेच्या आशेने १८५७ साली वरसईहून उत्तरेला निघालेले भटजी बंडात सापडले आणि झाशीच्या वेढ्यात जाऊन पोचले. हे पुस्तक छापून यायला १९०७ साल उजाडलं. सहलीच्या कंपनीवर चिडलेल्या माणसाला याने विशेष आराम पडतो.

पंचविशीच्या आतल्यांना ‘कोसला’. पंचविशी उलटून गेली असेल तर मुलासाठी म्हणून मागावी, दुकानदार ओळखतो.

हात आखडता असलेल्यांना दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. महिन्यामहिन्याचं लेखन आहे, चैत्रापासून सुरू केलं तर एकच पुस्तक वर्षभर पुरवता येतं. अट एवढीच की आषाढात खिडकीबाहेर एखादं झाड असावं.

आणि ‘आता मराठीत कोण लिहितंय हो?’ असं नाक मुरडून विचारणाऱ्याला तो काहीच बोलत नाही. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ काढून ठेवतो. धरणात उठलेलं गाव, मागे सुटलेल्या म्हशी आणि त्या पुन्हा रानटी होत जाणं. २०२३चा अकादमी पुरस्कार हिलाच. नाक जागेवर येतं.

पुस्तकप्रेमीने यातल्या प्रत्येक नावावर ‘हो, यादीत आहे’ असं म्हणावं, फोन काढावा आणि खरोखरच यादीत टाकावं. यादी हा पुस्तकप्रेमाचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे. तिला कपाट लागत नाही, वाळवीही लागत नाही.

धडा ४ : कार्यक्रमाला हजेरी

चांगल्या दुकानात अधूनमधून कार्यक्रम होतात : प्रकाशन, लेखकाशी गप्पा, अभिवाचन, लहान मुलांसाठी गोष्टी. वेळ सहाची असेल तर पावणेसातला जावं, म्हणजे सुरुवात चुकत नाही. मधली टेबलं कडेला सरकवून खुर्च्या मांडलेल्या असतात. भिंतीकडची खुर्ची धरावी, मन उडालं की निदान शेजारच्या कप्प्यातलं काही चाळता येतं.

प्रकाशनाचा क्रम असा. चमकत्या कागदात गुंडाळलेली पुस्तकं तबकात येतात. पाहुणे फीत सोडू पाहतात, ती सुटत नाही. मग सगळे पुस्तक छातीशी उभं धरून फोटोकडे पाहतात आणि एकाचं उलटं असतं. प्रमुख पाहुणे म्हणतात, ‘पुस्तक मला कालच मिळालं, प्रवासात चाळलं,’ आणि त्यानंतर पाऊण तास स्वतःच्या पुस्तकाबद्दल बोलतात. लेखक बायकोचे आभार मानतो. ‘कोणाला काही प्रश्न?’ असं विचारलं जाताच मागून एक गृहस्थ उठतात आणि प्रश्न न विचारता बोलत राहतात. पुस्तकप्रेमाच्या वरच्या इयत्तेत गेल्यावर हे गृहस्थ तुम्हीच असाल, तेव्हा त्यांचं नीट निरीक्षण करावं.

शेवटी आभारप्रदर्शन, चहा आणि बटाटेवडा. वडा संपेपर्यंत विक्रीच्या टेबलाकडे पाठ ठेवणं ही सवयीने साधणारी कला आहे. लेखक ओळखीचा असेल तर मात्र सावध राहावं, तो सही करायला पेन उघडून उभा असतो. ‘घाईत नको, निवांत घरी येऊन घेतो सही’ हे वाक्य अशा वेळी तारून नेतं.

धडा ५ : भाव पाहणे

पुस्तक फारच आवडलं तर मुखपृष्ठाचा आणि किमतीचा फोटो घ्या, बाहेर या आणि फुटपाथवरूनच ऑनलाइन मागवा. शोध दुकानदाराचा, सवलत कंपनीची, पुस्तक तुमचं. तरीही कधी दुकानातच घेण्याची वेळ आलीच, तर ‘किती टक्के?’ असं किंमत न पाहता विचारावं.

हौशी अभ्यासकांसाठी थोडा हिशेब. समजा, पुस्तक तीनशे रुपयांचं आहे आणि दुकानदाराला छापील किमतीवर पंचवीस टक्के सुटतात, म्हणजे पंच्याहत्तर रुपये. तुमची दहा टक्के सवलत त्यातूनच जाते, उरले पंचेचाळीस. त्यात जागेचं भाडं, वीज, मदतनिसाचा पगार आणि वर्षभर कोणी न उचलल्यामुळे उन्हाने फिकी पडलेली पुस्तकं. तुम्ही कार्यक्रमात खाल्लेला वडाही त्यातलाच. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, हा सरकारचा एक मोठेपणा. भाड्यावर मात्र असा मोठेपणा कोणी दाखवत नाही.

हा धडा पहिल्या वाचनात सोडून दिला तरी चालेल. बहुतेकांनी सोडलेलाच आहे.

धडा ६ : श्रद्धांजली

वरचे पाच धडे गावातल्या सर्वांनी मन लावून गिरवले की सहाव्याची वेळ आपोआप येते. मुंबईच्या फोर्टातलं स्ट्रँड बुक स्टॉल टी. एन. शानभागांनी १९४८ साली सुरू केलं. सवलतीत चांगली पुस्तकं आणि मालकाशी गप्पा यांसाठी लोक तिथे लांबून येत. शानभागांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली दुकान बंद झालं. बंद होणार म्हटल्यावर तिथे अशी गर्दी लोटली की रोज तशी असती तर बंद करायची गरजच पडली नसती.

तुमच्या गावातलं दुकान मिटलं की पुढचा नमुना वापरा. रिकाम्या जागी नाव भरा :

‘_____ आज बंद झालं. एक पर्व संपलं. माझ्या जडणघडणीत या दुकानाचा मोठा वाटा होता. कॉलेजच्या दिवसांत मी इथे तासन्‌तास उभा राहून पुस्तकंच्या पुस्तकं वाचून काढली. मालकांनी कधी हटकलं नाही.’

शेवटच्या दोन वाक्यांत मृत्यूचं कारणही येऊन जातं, त्यामुळे ते वेगळं लिहायची गरज नाही. मजकुराखाली ‘आता तिथे मोबाइलचं दुकान येतंय म्हणे’ अशी हळहळ जोडावी. ती मोबाइलवरूनच लिहिलेली असते, याकडे कोणी लक्ष वेधलं तर उत्तर देऊ नये.

शंकासमाधान

शंका : दिवाळी अंक घेतले तर वाचन धरतात का?
समाधान : काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस वाचनाचा वार्षिक कोटा फराळाच्या जोडीने पुरा करत आला आहे. धरतात. मात्र चिवडा संपल्यानंतरही उघडला गेलेला अंकच मोजावा.

शंका : विकत न घेता, आणि कोणी डोळे न वटारता पुस्तकं वाचता येतील अशी जागा आहे का?
समाधान : आहे. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार. मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकं ठेवलेली आहेत, कुठेही बसून वाचा. स्ट्रॉबेरीचे मात्र पैसे पडतात, आणि त्या वेळी ‘किती टक्के?’ असं कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

शंका : दुकानदार सुचवतो ते आवडलं नाही तर?
समाधान : जाऊन सांगा. ‘नाही जमलं’ असं म्हणणारा माणूस त्याला ‘यादीत आहे’ म्हणणाऱ्या दहांपेक्षा प्यारा असतो, कारण त्याने निदान वाचलेलं असतं. पुढचं पुस्तक तो अचूक काढून देईल.

शंका : यातलं काहीच न करता दुकानात गेलो, शिफारस विचारली, पुस्तक घेतलं, छापील किंमत मोजली आणि घरी आलो, तर चालेल का?
समाधान : चालेल. मात्र अशा वागण्याने तुमची गणना पुस्तकप्रेमींत होणार नाही, गिऱ्हाइकांत होईल. दोहोंपैकी कोण हवं आहे, ते दुकानदाराला एकदा विचारून पाहा.