घोडा ग्रीकांचा, नाव ट्रॉयकरांचं

लाकडाचा घोडा ग्रीकांनी बांधला, पोटात सैनिक ग्रीकांनी भरले, गोड बोलून तो गळ्यात मारणारा सिनॉनही ग्रीकच. तरी संगणकशास्त्रानं असंच सोंग घेऊन आत शिरणाऱ्या घातक प्रोग्रॅमला नाव दिलं 'ट्रोजन', म्हणजे ट्रॉयचा. घरफोडीला घरमालकाचं नाव पडल्याचं हे विरळा उदाहरण, पण त्यात अन्याय शोधू नये. घोडा वेशीबाहेर उभा होता. आत ओढला ट्रॉयकरांनी. व्हर्जिलच्या महाकाव्यात तर त्याला वाट करून देण्यासाठी त्यांनी आपल्याच तटाला भगदाड पाडलं आहे. लाओकोऑन नावाच्या पुरोहितानं घोड्याच्या कुशीत भाला फेकला, आतून पोकळ आवाजही आला. पण पुढे समुद्रातून आलेल्या सापांनी त्याला दोन मुलांसकट संपवलं आणि लोकांनी निष्कर्ष काढला की हा माणूसच खोटा. त्या शहराचा तो अँटिव्हायरस होता. त्याचं पुढे काय करतात, हे आजही कुठल्याही घरातल्या कम्प्युटरवर पाहायला मिळतं.

आपल्याकडे ही जबाबदारी झटकायला मराठी व्याकरणही मदतीला धावतं. 'कम्प्युटरला व्हायरस लागला' असं म्हणायचं. जशी दृष्ट लागते, ठेच लागते. वाक्यात करणारा कुणी नाहीच. खऱ्या व्हायरसच्या बाबतीत हे थोडंफार चालून जाईल, कारण तो स्वतःच्या प्रती काढत फाइलीफाइलींतून पसरतो. ट्रोजनला ती विद्या येत नाही. तो नीटनेटके कपडे घालून दारात उभा राहतो आणि कुणी 'या, बसा' म्हणेपर्यंत बहुधा तिथंच थांबतो. या प्रोग्रॅमला कम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का, असं विंडोज २००७ सालच्या व्हिस्टापासून विचारत आली आहे. एवढ्या वर्षांत या प्रश्नाला 'नो' असंही उत्तर असतं, हा शोध अनेक घरांत अजून लागायचा आहे.

दार आपणच उघडतो, याच्या पुराव्यासाठी फार लांब जायला नको. १९८९च्या डिसेंबरात एड्सविषयी माहिती देणाऱ्या सुमारे २०,००० फ्लॉपी टपालानं वाटल्या गेल्या. डॉ. जोसेफ पॉप यांच्यावर त्याचा आरोप ठेवला गेला. कम्प्युटर साधारण ९० वेळा सुरू झाला की फाइलींची नावं गडप व्हायची आणि पनामातल्या एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा, असा आदेश यायचा. खरी गंमत पुढे आहे. पैसे भरले नाहीत तर तुमच्या इतर प्रोग्रॅमवर विपरीत परिणाम होईल, हे सोबतच्या परवानापत्रकात चक्क छापलेलं होतं. म्हणजे दरोडेखोरानं आगाऊ नोटीस दिली होती. फक्त ती अटी-शर्तींच्या मजकुरात होती आणि अटी-शर्ती वाचणारा मनुष्यप्राणी तेव्हाही जन्माला आलेला नव्हता. २०१४ पासून काही वर्षं थैमान घातलेल्या 'इमोटेट' या ट्रोजनचं तंत्रही असंच साधं: बिल म्हणून वर्डची फाइल पाठवायची आणि वरच्या पिवळ्या पट्टीतलं 'एनेबल कंटेंट' दाबायला लावायचं. ती पट्टी धोक्याची सूचना होती. लोकांना ती बिल उघडण्याची किल्ली वाटली.

यावर शहाणे आक्षेप घेतील की सगळा दोष सामान्य माणसाच्या माथी कशाला? बरोबर आहे. फाइलीच्या नावाचं शेपूट लपवून ठेवण्याची सवय विंडोजचीच; त्यामुळे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' हे महाशय पडद्यावर 'बिल.पीडीएफ' म्हणून सोवळ्यात वावरतात. (ते शेपूट दिसेल अशी सोय सेटिंगमध्ये आहे. ती आधीपासून चालू ठेवायला काय हरकत होती, हे कंपनीच जाणे.) २०१७ साली तर 'सीसीक्लीनर' या सफाईच्या प्रोग्रॅमची अधिकृत आवृत्तीच बाधित निघाली, ती सुमारे २२ लाख ७० हजार कम्प्युटरांवर पोचली होती. तिथं वापरणाऱ्याला बोल लावणं म्हणजे दूधवाल्यानं पाणी घातलं म्हणून गिऱ्हाइकाला झापणं. पण अशा अपवादांची ढाल पुढे करणाऱ्यांच्या डाउनलोड फोल्डरात डोकावलं, तर तिथं बहुधा 'क्रॅक' नावाची झिप फाइल असते आणि तिच्यासोबतच्या चिठ्ठीत पहिलीच सूचना: आधी अँटिव्हायरस बंद करा. तटाला भगदाड पाडा, असं घोड्यानं स्वतः लिहून दिलेलं असतं आणि आपण ते कलमवार पाळतो.

दुसरा आक्षेप साळसूद असतो: 'आमच्या कम्प्युटरात चोरण्यासारखं आहे काय?' ब्राउझरनं लक्षात ठेवलेले पासवर्ड आहेत, लॉगिन चालू ठेवणाऱ्या कुकी आहेत. अगदी काहीच नसलं तरी तुमचं इंटरनेट आहे, ज्यावरून दुसऱ्यांना स्पॅम पाठवता येतो. म्हणून ट्रोजन काढण्याचं काम स्कॅनपासून सुरू होत नाही. आधी नेट तोडायचं. मग दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून ईमेलचा पासवर्ड बदलायचा, नंतर बँकेचा, आणि सगळीकडून लॉगआउट करायचं, कारण चोरलेली कुकी पासवर्ड विचारत बसत नाही. मग विंडोजमधल्याच 'डिफेंडर' या अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन, जे विंडोज पूर्ण जागी होण्याआधी चालतं. पाहुणा उठायच्या आत त्याची पिशवी तपासावी तसं. त्यानंतर सुरुवातीलाच चालू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी, ब्राउझरची एक्स्टेन्शनं आणि विशेषतः अँटिव्हायरसनं 'वगळलेल्या' फोल्डरांची यादी पाहायची. अनेक ट्रोजन तिथं आपलं नाव गुपचूप घालून ठेवतात, जणू जावईबापू, त्यांना तपासायचं नसतं.

यावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे 'कशाला डोकं फोडता, फॉरमॅट मारून टाका'. सल्ला तत्त्वतः योग्यच आहे. बाहेरून कुणी कम्प्युटर चालवत असल्याची शंका असेल तर निव्वळ स्कॅनवर विसंबू नये. फोटो आणि कागदपत्रं तेवढी बाजूला काढावीत, इन्स्टॉलर एकही नाही, आणि निरोगी यंत्रावर अधिकृत संकेतस्थळावरून बनवलेल्या पेनड्राइव्हनं विंडोज नव्यानं घालावी. अडचण फॉरमॅटची नाही, फॉरमॅट मारणाऱ्याची आहे. कोपऱ्यावरचा कुशल तरुण ५०० रुपयांत येतो, त्याच्या गळ्यात शंभर घरांचं पाणी प्यायलेला पेनड्राइव्ह असतो. त्यातून तो विंडोज घालतो, ॲक्टिव्हेटर चालवतो आणि 'आता परत लागणार नाही' म्हणत वर्षभराचा क्रॅक केलेला अँटिव्हायरस टाकतो. तो चालावा म्हणून आधी डिफेंडर बंद करतो.