तीन आण्यांत दोन मैल

नाशिकरोडच्या बिटको चौकात सध्या एक फ्लेक्स लागलाय. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असतात तसे खाली वीसेक चेहरे, शुभेच्छुकांची नावं, आणि वर मधोमध हनुवटीला बोट लावलेले स्टीव्ह जॉब्स. रिक्षातून जाताना वाटावं, भाऊंची शहर उपाध्यक्षपदी निवड झाली वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की ‘जॉब्स यांच्याकडून शिका नेतृत्व आणि मार्केटिंग’ असं एक दिवसाचं शिबिर आहे. स्थळ अमुक लॉन्स, शुल्क चार आकडी, जेवणासह, पहिल्या पन्नास जणांना सवलत. हे पहिले पन्नास शिबिर संपेपर्यंत भरत नाहीत, असा माझा अभ्यास आहे.

नाशिकरोडला पैसा कसा करायचा ते शिकवायला बाहेरून माणूस येतो, ही हिंमत मानली पाहिजे. आम्ही १९२८ पासून नोटा छापतोय. इथल्या आईबापांचं कित्येक वर्षं एकच व्यवसायधोरण होतं: पोरगा प्रेसमध्ये लावायचा. तो लागला की मुलीकडचे लोक आपणहून यायचे, मार्केटिंगची गरजच पडायची नाही. ते दिवस आता गेले. म्हणून पोरगा प्रेसऐवजी शिबिरात पाठवतात.

शिबिरातले सर भर मे महिन्यात काळा, गळ्यापर्यंतचा स्वेटर घालून येतात. जॉब्सना तो जपानच्या इस्से मियाके यांनी करून दिला होता, सरांचा मेनरोडचा असावा. ‘जॉब्सनी कॉलेज अर्धवट सोडलं!’ असं सर गरजतात तेव्हा सर्वांत जास्त टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांतले निम्मे बाप त्याच आठवड्यात इंजिनिअरिंगची फी भरून आलेले असतात. मग गॅरेजची गोष्ट. आमच्याकडे गॅरेज म्हटलं की स्प्लेंडरचं क्लच-प्लेट काम आठवतं, पण असो. मग १९८५ साली स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलं, १९९७ साली सन्मानाने परत आले. इथे सरांचा आवाज जड होतो, आणि जेवणाची सुट्टी होते.

सरांना कुणी तरी सांगायला हवं की हाच अभ्यासक्रम, जवळपास याच क्रमाने, त्र्यंबकच्या एका माणसाने आधीच पुरा केला होता. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म ३० एप्रिल १८७०. लोणावळ्यात छापखाना काढला, रंगीत छपाई शिकायला १९०९ साली जर्मनीला गेले, आणि परत आल्यावर भागीदारांशी बिनसून स्वतःच्याच छापखान्यातून बाहेर पडले. चाळिशी गाठलेली, संसार पदरात, नोकरी नाही. अशा वेळी गिरगावात येशूच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि ठरवलं की हे आपण करायचं. विमा पॉलिसी तारण ठेवून १९१२ साली लंडन गाठलं, कॅमेरा आणला. पण भांडवलवाले पैसे सोडेनात. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून रोप मिनिटा-दोन मिनिटांत वाढताना पडद्यावर दाखवलं. पैसे सुटले. सर याला ‘डेमो’ म्हणतात आणि त्यासाठी स्वतंत्र सत्र ठेवतात.

राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. तिथे चालला. सुरतेत मात्र पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपये आला, असं सांगतात. थिएटरवाल्याचं म्हणणं सरळ होतं: लोकांना दोन आण्यांत सहा तास नाटक मिळतं, तुमचा खेळ इनमीन दीड तासाचा, त्यात तीन आणे मागता? फाळक्यांनी ना सिनेमा लांबवला ना तिकीट उतरवलं. त्यांनी जाहिरात बदलली. ५७,००० छायाचित्रांचा खेळ! दोन मैल लांबीचं चित्र! फक्त तीन आण्यांत! गल्ला तीनशेवर गेला म्हणतात.

इथे थांबून हिशेब करण्यासारखा आहे, कारण शिबिरात हिशेब करत नाहीत. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रं बसतात. ५७,००० भागिले सोळा म्हणजे साडेतीन हजार फुटांहून किंचित जास्त. सिनेमाची लांबी ३,७०० फूट होती. म्हणजे चित्रांचा आकडा खरा, उलट थोडा कमीच सांगितलेला. आता दोन मैल. दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. मैल जवळपास तिप्पट फुगवलेले! पहिली ओळ खरी, दुसरी थाप, आणि दोन्ही एकाच कागदावर. तेही कुणाच्या सिनेमासाठी? सत्यापायी राज्य सोडून डोंबाघरी राबलेल्या राजाच्या. सुरतेच्या व्यापाऱ्यांत एकालाही भागाकार सुचला नाही.

२००१ साली जॉब्सनी आयपॉड आणला तेव्हा म्हणाले, खिशात हजार गाणी. डब्यात पाच गिगाबाइट आहेत हे ऐकून कुणी हललं नसतं, म्हणून त्यांनी गिगाबाइट मागे ठेवून गाणी पुढे केली. फाळक्यांनी नेमकं उलट केलं: गोष्ट मागे ठेवली आणि फूटपट्टी पुढे केली. दोघांनाही गिऱ्हाईक कळलं होतं. सुरतेचं गिऱ्हाईक माल मोजून घेणारं होतं, त्याला मापात विकलं. (माप खोटं होतं, तो भाग वेगळा.)

मनुष्यबळाच्या बाबतीतही फाळके पुढेच होते. तारामती व्हायला बाई मिळेना. जाहिराती दिल्या, कोठ्यांवर विचारलं, तिथूनही नकार आला. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात दहा रुपयांवर काम करणारा अण्णा साळुंके पंधरा रुपयांवर राणी झाला. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम तोच आणि सीताही तोच. एका माणसाकडून दोघांचं काम काढून घेण्याचं हे तंत्र आजच्या कंपन्यांनी फार मनावर घेतलेलं दिसतं.

शिबिरात मात्र एक नाव येणार नाही, कारण ते कुठल्याच सूत्रात बसत नाही. सरस्वतीबाई फाळके. अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं, आणि या सगळ्यावर फॅक्टरीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक नाक मुरडत, म्हणून फाळके आपल्या माणसांना ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे’ असं सांगायला लावत. त्या फॅक्टरीचा उत्पादन विभाग, प्रयोगशाळा आणि कँटीन ही एकच बाई होती. फ्लेक्सवर वीस चेहरे बसतात, पण तिच्यासाठी जागा नाही.

मग १९१३ सालीच फाळके बिऱ्हाड घेऊन नाशकात आले. १९१८ साली मुंबईच्या भांडवलदारांबरोबर हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, खर्चावरून खटके उडाले, फाळके राजीनामा देऊन काशीला गेले आणि नाटक लिहीत बसले. १९२२ साली परत आले. इथपर्यंत जॉब्सची कुंडली शब्दशः जुळते. पुढे जुळत नाही. जॉब्स परतल्यावर आयफोन आला, फाळके परतल्यावर बोलपट आला, आणि तो दुसऱ्यांचा होता. शेवटची वर्षं ओढगस्तीत काढून १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशकातच गेले.

म्हणून त्यांच्यावर शिबिर निघत नाही. जिद्द तीच, डेमो तोच, थाप तीच, हकालपट्टी आणि पुनरागमनही तेच. पण शेवटी खात्यात शिल्लक नाही. लॉन्सवर विकली जाते ती सूत्रं नसतात, बँक बॅलन्स असतो, आणि तोही दुसऱ्याचा. जॉब्स १९९७ नंतर बुडाले असते तर त्यांचं गॅरेज आम्हाला कळलं नसतं आणि सरांना स्वेटर घालावा लागला नसता.

शिबिराला जायचंच असेल तर जा, जेवण बरं असतं म्हणतात. पण तिथून उठून, सर्वस्व पणाला लावायचं असं ठरवून घरी आलात, तर तारणाच्या कागदावर सही करण्यापूर्वी घरात विचारा. फाळक्यांच्या पहिल्या सिनेमासाठी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले होते.