वॉलकाढे

वाशीमचा अकोला नाका, हिंगोली रोड, रिसोड, कारंजा, शेलूबाजार, जिथे कुठे ट्रकच्या केबिनखाली डोकं घालून कुणी उभा असतो, तिथे एखादा तरी वॉलकाढे असतोच. आधार कार्डावर आडनाव काहीही असो, धंद्यात तो वॉलकाढे. गाडी गरम होते म्हणून कुणी आलं, की रेडिएटरचा वरचा होज इंजिनाला जिथे येऊन मिळतो तिथलं झाकण तो खोलतो, आतला थर्मोस्टॅट वॉल बाहेर काढतो, चिंधीने पुसून मालकाच्या हातावर ठेवतो आणि रिकाम्या जागेवर झाकण पुन्हा लावून टाकतो. "काहाले पाह्यजे हा वॉल, भाऊ? कंपनीवाले बसवतेत उगाच." मग चक्कर मारून आणली की रेडिएटरच्या वरच्या टाकीवर तळहात ठेवायचा आणि तो तसाच ठेवून मालकाशी सोयाबीनच्या भावावर बोलत राहायचं, हे त्याचं गॅरंटी कार्ड. भर दुपारी गाडी चालून आली आणि टाकीला हात लागतो! मालक भारावतो. धडधाकट इंजिनाच्या टाकीवर हात दोन सेकंदसुद्धा टिकायला नको, हे सांगायला तिथे तिसरा माणूस नसतो.

या माणसाला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. इंजिन त्याला उत्तम कळतं. आवाजावरून कितव्या नंबरचा इंजेक्टर मार खातोय ते तो चहाचा घोट न थांबवता सांगतो. त्याला त्याहूनही नीट कळतो तो मालक. इंजिन गरम झालं की त्या दोषाला धनी असतो, थंड चाललं की त्या दोषाला धनीच नसतो. वॉलकाढेचा सगळा धंदा या एका हिशोबावर उभा आहे.

आधी वॉलचं काम काय ते पाहू. डबीएवढ्या त्या वस्तूच्या पोटात मेण भरलेलं असतं. पाणी साधारण ८० ते ८२ अंशांना पोचलं की मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडते. पाणी निवलं की स्प्रिंग ती वाट पुन्हा बंद करते. वायर नाही, बॅटरी नाही, ड्रायव्हरच्या मर्जीचा प्रश्न नाही. सकाळी गाडी सुरू झाल्यावर इंजिन लवकर तापावं आणि तापल्यावर तिथेच राहावं, एवढीच त्याची नोकरी. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेट घेतं. तवा तापला नाही तर भाकरी फुगत नाही, तसंच सिलिंडरच्या भिंती गार असल्या तर डिझेल धड जळत नाही. न जळलेलं काही पांढरा धूर होऊन जातं, काही लायनरवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. जळण्यातून निघालेली वाफही गार इंजिनात पाणी होऊन तिथेच मुक्काम करते, आणि डिझेलमधल्या गंधकाशी मिळून लायनर कुरतडणारं आम्ल तयार करते. ऑइल पातळ होतं, मग काळा चिखल धरतं. गंमत म्हणजे डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी थोडी चढलेली दिसते, आणि वॉलकाढे तीच डिपस्टिक मालकाला कौतुकाने दाखवतो, "पाहा, थेंबभर ऑइल खात नाही गाडी."

डिझेल मात्र खाते. ॲव्हरेज थोडं थोडं घसरतं. हे घसरणं एका दिवसात दिसत नाही, महिन्याच्या पावत्या जुळवताना दिसतं, आणि तेव्हा मालकाच्या मनात पहिलं नाव येतं ड्रायव्हरचं. वाटेत कुठल्या ढाब्यामागे कॅन भरून विकला असेल? मेणाची डबी गॅरेजच्या कोनाड्यात पडलेली आणि चोरीचा आळ माणसावर! लायनर-पिस्टन वेळेआधी झिजले तर तेही ड्रायव्हरच्याच खात्यात, गाडी दामटतो म्हणून. वॉलकाढेचं नाव या हिशोबात कुठेच येत नाही. उलट इंजिनचं काम निघालं की गाडी त्याच्याकडेच येते, कारण गाडी थंड ठेवणारा माणूस म्हणून त्याचं नाव झालेलं असतं.

आता त्याची बाजू. तो म्हणेल, वॉल बंद अवस्थेत अडकला तर काय? खरं आहे. कापणी उरकलेली, सोयाबीन भरलेली गाडी रस्त्यात उकळली, हेड वाकलं, गॅस्केट उडालं, तर खर्च हजारांत जातो, फेरी बुडते आणि फोनवर पहिली शिवी मिस्त्रीला बसते. वॉल काढला तर ही शिवी कायमची टळते. एका बाजूला उद्याची खात्रीची शिवी, दुसऱ्या बाजूला दोन वर्षांनी झिजणारं लायनर, तेही कुणी आपल्या नावावर न मांडणारं. यात जो दुसरं निवडतो त्याला मूर्ख कसं म्हणावं? चूक आहे ती उपायात. वॉल अडकतो त्याला बऱ्याचदा कारण असतं बोअरचं क्षारांचं पाणी, जे कूलंटऐवजी बादलीने रेडिएटरात ओतलं जातं. त्याच क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या आतून बुजतात आणि गाडी गरम होते ती मुळात त्यानेच. वॉलकाढे बुजलेला रेडिएटर तसाच ठेवतो, बादली तशीच ठेवतो आणि नवा घेतला तर काहीशे ते एखाद-दोन हजारांत मिळणारा वॉल काढून टाकतो. सोबतच्या सर्वांत स्वस्त आरोपीला फाशी देऊन खटला निकाली.

त्याचा लाडका मुद्दा उन्हाचा. "हे वॉल थंड मुलखासाठी हाय, आपल्या वाशीमात मे महिन्यात काय कराचा?" मुद्दा पटण्यासारखा आहे, कारण विदर्भातला मे ज्याने अंगावर घेतलाय त्याला कुठलीही गोष्ट अजून तापवायची म्हटलं की धसका बसतो. पण वॉल हवामान बघत नाही, पाणी बघतो. बाहेर ४३ अंश असले तरी ८२ गाठायला अजून ३९ अंश उरतात. आणि ते गाठले की वॉल उघडतोच, उन्हाळ्यात लवकर आणि जास्त. त्यात बऱ्याच ट्रक इंजिनांत या वॉलला दुसरं काम असतं. पाणी तापेपर्यंत ते रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरावं म्हणून एक आडवाट ठेवलेली असते, आणि वॉल पूर्ण उघडताना तीच आडवाट बंद करतो. वॉलच नसला की आडवाट कायम उघडी. मग चढावर, भरल्या गाडीला गरज सर्वांत जास्त असते तेव्हा काही पाणी रेडिएटरचं तोंडही न पाहता परत पंपाकडे वळतं. म्हणजे थंडीत अतिथंड आणि घाटात गरम, दोन्ही रोग एकाच शस्त्रक्रियेतून. यावर वॉलकाढेचा पुढचा इलाज तयार असतो: फॅन डायरेक्ट करून टाकू. गरजेपुरता फिरणारा फॅन मग बारा महिने चोवीस तास पूर्ण जोराने फिरतो आणि आपल्या वाट्याचं डिझेल आपणच खातो.

शिवाय वर्षाला मे एकच असतो. समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा उघडला, आणि तेव्हापासून डिसेंबरच्या रात्री रिकामी गाडी ताशी ८० च्या मर्यादेत सलग पळवणं नेहमीचं झालं. पुढून बोचरा वारा, इंजिनावर ओझं नाही, रेडिएटर सताड उघडा. तापमानाचा काटा खालच्या रेघेला चिकटून बसतो आणि ड्रायव्हर रेडिएटरपुढे पुठ्ठा बांधतो. त्या पुठ्ठ्याचा अर्थ फार थोडे लोक वाचतात. काढून टाकलेल्या वॉलचं काम ड्रायव्हर दोरीने करतोय!

जुन्या गाड्या वॉलविना लाखो किलोमीटर चालल्याच की, असं कुणी म्हणेल. चालल्या. त्यांची इंजिनं किती वेळा उतरवली, हे मात्र सांगणारा सांगत नाही.

थंड इंजिनाचा खरा तपास अगदी साधा आहे, म्हणूनच बहुधा त्याला भाव नाही. काट्यावर लगेच विश्वास ठेवू नये, कधी काट्याला खबर देणारा सेंडर बिघडलेला असतो आणि इंजिन ठणठणीत असतं. गाडी गार असताना चालू करून वरच्या होजवर हात ठेवावा. तो बराच वेळ गार राहून मग एकाएकी तापला, तर वॉल शाबूत. पहिल्या मिनिटापासून कोमट होत गेला, तर वॉल उघडा अडकलाय किंवा जागेवर नाहीच. शंका उरली तर वॉल काढून पातेल्यात पाण्यात सोडावा, सोबत थर्मामीटर, खाली स्टोव्ह, आणि पाहत बसावं तो कितीला डोळा उघडतो. शेजारच्या चहाच्या टपरीवर सोय होते. वॉलकाढे हे करत नाही. मिस्त्रीने पाणी उकळत बसावं हे त्याला कमीपणाचं वाटतं, आणि मालकालाही वाटतं, कारण पैसे तो पान्याचे देतो, बघत बसण्याचे देत नाही.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या आणि वॉलकाढेच्या राज्यात परकी सत्ता आली. या गाड्यांचा कॉम्प्युटर पाणी किती मिनिटांत कितीला पोचायला हवं हे जाणतो. ते पोचलं नाही तर दिवा लावतो. धुरातली काजळी जाळायची, युरिया फवारायचा, तर सगळीकडे उष्णता लागते. थंड इंजिनाच्या दोषाला पहिल्यांदाच फिर्यादी मिळाला. वॉलकाढेने पहिल्या प्रथम दिव्यावरच संशय घेतला, सेन्सरच्या वायरीला काहीबाही जोडून त्याला गप्प करता येतं का पाहिलं, आणि शेवटी स्कॅनरवाल्याने सांगितलं तेव्हा कोनाड्यातल्या डब्यांकडे दुर्लक्ष करून नवा वॉल मागवला. तो बसवल्यावर आठवड्याभरात ॲव्हरेज सुधारतं. मालक पावत्या जुळवतो, समाधानाने मान हलवतो आणि चारचौघांत सांगतो, की जुना ड्रायव्हर बदलला म्हणून डिझेल वाचलं.