मुतखडा कुठल्या देशाचा?

ड्रायव्हर उझबेकिस्तानचा, कंपनी पोलंडची, मागे स्पेनच्या व्हिगो बंदरातली गोठवलेली मासळी, ती पोचवायची स्वीडनला, आणि पोटात कळ आली जर्मनीत. तर हा मुतखडा कुठल्या देशाचा?

ज्याच्या पोटात त्याचा, असं तुम्ही म्हणाल. ते आपलं अडाणी उत्तर झालं. ब्रसेल्समध्ये, युरोपीय संघाच्या दफ्तरात, या प्रश्नावर एक नियमावली आहे, २००४ ची, क्रमांक ८८३. ती कशी राबवायची हे सांगणारी दुसरी आहे, २००९ ची, क्रमांक ९८७. दोन्ही समजाव्यात म्हणून एक मार्गदर्शक पुस्तिका आहे, आणि तिन्ही वाचून डोकं उठलं तर लक्झेम्बर्गला न्यायालय आहे. पहिली नियमावली मंजूर झाली २००४ साली आणि लागू झाली १ मे २०१० ला, कारण दुसरी तयार व्हायची होती. तोवर १९७१ ची जुनी नियमावली गाडा ओढत होती. एकंदरीत, मुतखडा बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा त्याचा कायदा बाहेर पडायला जास्त लागतो.

तत्त्व मात्र चांगलं आहे, ते नाकारून चालणार नाही. कामगार कितीही देशांत फिरो, एका वेळी त्याचा विमा एकाच देशाचा. दोन देशांनी मिळून त्याच्या पगाराला कात्री लावायची नाही आणि दोघांनीही त्याला वाऱ्यावर सोडायचं नाही. १९५८ साली, युरोपच्या सामायिक बाजारात अवघे सहा देश होते तेव्हा, अगदी पहिल्या काही नियमावल्यांत हा विषय होता. त्या काळी इटलीचा मजूर बेल्जियमच्या कोळसा खाणीत जायचा आणि तिथेच राहायचा. त्याचा विमा कुठला, हे ठरवायला फारशी अक्कल लागत नव्हती. ट्रक ड्रायव्हरची पंचाईत अशी की तो कुठे राहतच नाही. तो चालतो.

मग नियम असा झाला की, ड्रायव्हर जिथला रहिवासी आहे तिथे त्याने कामाचा निदान पाव हिस्सा केला तर विमा तिथला. पाव भरला नाही तर कंपनीचं कार्यालय जिथे, तिथला. म्हणजे लेकीने वर्षाचे तीन महिने माहेरी काढले तर औषधपाणी माहेरचं, नाहीतर सासरचं. आता हा पाव मोजायचा कसा? पुस्तिका म्हणते, माल कुठे भरला आणि कुठे उतरवला ते मोजा, आणि पुढचे बारा महिने काय होईल याचा अंदाज घ्या. ज्या माणसाला उद्या सकाळी कुठे जायचं हे आज रात्री मोबाईलवर कळतं, त्याच्या पुढच्या वर्षाची कुंडली पोलंडमधला कारकून मांडतो. कुंडली जुळली की ए-१ नावाचा दाखला मिळतो. या दाखल्यात ड्रायव्हरची अख्खी तब्येत सामावलेली असते, फक्त ती कशी आहे हे लिहायला त्यात जागा नाही.

कार्यालयाची गोष्ट त्याहून रंगतदार. कार्यालय जिथे, विमा तिथला, असं म्हटल्यावर कार्यालयांना पाय फुटणारच होते. जिथे विम्याचा हप्ता स्वस्त, तिथे पाटी. पाटी लावायला एक भिंत आणि दोन खिळे लागतात. ट्रक उभे करायला मैदान लागतं, पण ते कोण विचारतो?

एएफएमबी नावाच्या कंपनीने हा प्रयोग करून दाखवला. ही कंपनी सायप्रसची. तिने नेदरलँड्समधल्या मालवाहतूक कंपन्यांशी करार केले की तुमच्या ताफ्याची व्यवस्था आम्ही बघू, आणि तिथे राहणाऱ्या ड्रायव्हरांच्या नेमणुकीचे कागद स्वतःच्या नावाने केले. ड्रायव्हर तेच, ट्रक तेच, हुकूम सोडणारे तेच डच साहेब. पगाराचा भारही फिरून त्यांच्याच खिशावर. बदललं ते एवढंच की कागदोपत्री मालक भूमध्य समुद्रात जाऊन बसला. सायप्रस हे बेट आहे. तिथून नेदरलँड्सला ट्रकने जाता येत नाही, मध्ये पाणी लागतं. यातले कित्येक ड्रायव्हर सायप्रसमध्ये कधी राहिले नव्हते की त्यांनी तिथे काम केलं नव्हतं. पण आजारी पडायचं ते सायप्रसच्या हिशेबात.

डच विमा संस्थेला हे पटलं नाही. प्रकरण लक्झेम्बर्गला गेलं, न्यायालयाचं मोठं पीठ बसलं, आणि १६ जुलै २०२० ला निकाल आला. न्यायालय म्हणालं, करारावर सही कोणाची हे बघून भागणार नाही. खरी हुकमत कोणाची, पगाराचा खर्च कोण सोसतो आणि कामावरून काढायची ताकद कोणाकडे आहे, ते बघा. मालक तो. आपल्याकडे धाब्यावरचा पोऱ्यासुद्धा सांगेल की जो शिव्या देतो तो मालक. युरोपला तिथवर पोचायला मोठं पीठ लागलं. पण निकाल खणखणीत आहे, आणि देणाऱ्यांना मानलं पाहिजे.

पाटी हलवूनही ज्यांचं भागत नाही, ते पगार हलवतात. पोलंडमध्ये २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत राजरोस चाललेली पद्धत अशी: मूळ पगार अगदी किमान, वर परदेशी प्रवासाचा घसघशीत भत्ता. हातात पडणारी रक्कम चांगली, म्हणून ड्रायव्हर खूष. विम्याचा हप्ता फक्त मूळ पगारावर, म्हणून मालक खूष. बिंग फुटायचं ते ड्रायव्हर अंथरुणाला खिळला की. प्रवास नाही म्हणून भत्ता नाही, आणि आजारपणाचं वेतन त्या चिमुकल्या मूळ पगाराच्या हिशेबाने. साहजिकच अशा नोकरीत कोणी आजारी पडत नाही. सगळ्यांची प्रकृती ठणठणीत असते, वेदनाशामक गोळ्यांवर.

तर आपला ड्रायव्हर. त्याच्याकडे ते निळं युरोपीय आरोग्य विमा कार्ड आहे असं धरू. हे कार्ड २००४ साली आलं, फुकट मिळतं, आणि कामाचं आहे, अगदी मनापासून सांगतो. परमुलखात आजारी पडलात तर तिथल्या सरकारी व्यवस्थेत, तिथल्या माणसाला मिळतात त्याच अटींवर उपचार. जर्मन माणसाला इस्पितळात दिवसाला १० युरो भरावे लागतात, तर तुम्हीही १० भरायचे. खासगी दवाखान्यात ते चालत नाही, आणि घरी परत पोचवण्याचा खर्च त्यात येत नाही. ड्रायव्हरचं घर समरकंदला असलं की ही शेवटची अट जरा जड जाते.

आणि एक अट आहे, तिच्यावर माझा विशेष जीव आहे. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना या सगळ्या व्यवस्थेत घेणारी नियमावली २०१० ची. ती डेन्मार्कला लागू नाही. १९९२ साली डॅनिश जनतेने मास्ट्रिख्ट कराराला सार्वमतात नकार दिला, मग तिची समजूत काढताना काही विषयांत डेन्मार्कला बाहेर राहायची मुभा मिळाली. त्या मुभेच्या पोटात कुठेतरी आपल्या ड्रायव्हरचा मुतखडा अडकला आहे.

म्हणजे बघा. जर्मनीच्या टोकाला फ्लेन्सबुर्ग. तिथे कळ आली तर कार्ड चालतं. तिथून थोडं पुढे डेन्मार्कचं पाडबोर्ग, जिथे ट्रकवाल्यांचाच सगळा राबता. तिथे कळ आली तर पोलंडच्या सहकाऱ्याचं कार्ड चालतं, उझबेकिस्तानच्या ड्रायव्हरचं चालत नाही. कार्ड एकाच कचेरीने दिलेलं, हप्ता एकाच कंपनीने भरलेला, मुतखडाही बहुधा एकाच प्रकारच्या कमी पाण्याने झालेला. पुढे ओरेसुंडचा पूल ओलांडून स्वीडनमध्ये माल्मोला पोचलं की कार्डात पुन्हा प्राण येतो. डेन्मार्कचे लोक दुष्ट नाहीत. अचानक गंभीर दुखणं आलं तर इस्पितळ कुणालाही दारातून हाकलत नाही. पण दुखणं गंभीर आहे की नुसतंच असह्य, हे रस्त्याच्या कडेला ठरवायचं कोणी? माझा सल्ला असा की ड्रायव्हरने दात-ओठ खावेत आणि गाडी हाकावी. कायद्याने सलग साडेचार तास चालवता येतं. तेवढ्यात डेन्मार्क जेमतेम ओलांडून होतो.

या बाहेरच्या नागरिकांना संरक्षण आहे की नाही, यावरही न्यायालयात खल झाला. २०१९ च्या जानेवारीत निकाल लागला की कायदेशीरपणे राहून काम करणाऱ्यांना आहे. मात्र तो खटला ट्रकवाल्यांचा नव्हता. बर्फावर नाचणाऱ्या कलाकारांचा होता. नेदरलँड्समध्ये तालीम करायची आणि देशोदेशी खेळ करत फिरायचं, असं त्यांचं काम. शेवटी सरहद्दी ओलांडत घसरत जाणं दोघांनाही चुकत नाही, हे खरं.

कार्ड चालणाऱ्या देशात तरी सुख आहे का? डॉक्टर गावात असतो. गावाच्या वेशीवर साडेतीन टनांहून जड गाडीला मनाईचा फलक असतो. आपल्या ड्रायव्हरची गाडी चाळीस टनांची आणि साडेसोळा मीटर लांब. ती हायवेवर सोडून चालत जावं तर उभी करायला जागा नाही. युरोपीय आयोगाच्याच २०१९ च्या अभ्यासाप्रमाणे ट्रक उभे करायच्या सुमारे एक लाख जागा कमी आहेत. रविवारी जर्मनीत जड ट्रकांना रात्री दहापर्यंत बंदी, म्हणजे सक्तीची सुट्टी. त्या दिवशी डॉक्टरही सुट्टीवर.

मागे बसलेल्या मासळीचं बघा. ती उणे १८ अंशांवर आहे की नाही हे क्षणोक्षणी नोंदवणारं यंत्र कायद्याने सक्तीचं आहे. ट्रकमध्ये गुरं असती तर त्यांचा थाट वेगळाच. निघण्यापूर्वी ती प्रवासाला धडधाकट आहेत का याची तपासणी, चौदा तास झाले की किमान एक तास थांबा आणि पाणी, वाटेत एखादं आजारी पडलं तर त्याला वेगळं काढून लवकरात लवकर उपचार. २००५ ची नियमावली आहे तशी, आणि ती असायलाच हवी. ड्रायव्हरची डॉक्टरी तपासणी दर पाच वर्षांनी, लायसन्स नवं करताना. तो कुठे आहे हे मात्र सरकारला नीट माहीत असतं. ऑगस्ट २०२३ पासून नव्या ट्रकांमध्ये जो टॅकोग्राफ, म्हणजे गाडी चालवल्याची नोंद ठेवणारं यंत्र, बसतो, तो सरहद्द ओलांडल्याची नोंद आपोआप करतो. माणूस कुठल्या देशात आहे हे यंत्राला त्याच क्षणी कळतं. त्याच्या औषधाचे पैसे कोण देणार हे ठरवायला सात-सात वर्षं जातात.

विम्याची ती नियमावली सुधारायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. आयोगाने २०१६ च्या डिसेंबरात प्रस्ताव मांडला. मार्च २०१९ मध्ये तडजोड झाली आणि त्याच महिन्यात मोडली. नंतर बैठका चालूच राहिल्या. बैठकांना जाणाऱ्यांचा विमा उत्तम असतो.

या सगळ्या दफ्तरापेक्षा जास्त काम जर्मनीत हायवे पोलिसांतल्या एका अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालेल्या कल्पनेने केलं. डॉकस्टॉप हे तिचं नाव, सुरुवात २००७ ची. महामार्गालगतचे डॉक्टर आणि ट्रकतळ यांची साखळी: ड्रायव्हरने फोन करायचा, जवळ कुठला डॉक्टर बघेल आणि ट्रक कुठे लावता येईल ते विचारायचं. कोणी पंचवीस टक्के मोजत बसत नाही.

ज्यांना हा विनोद वाटत नाही असे काही जण २०२३ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटजवळच्या ग्रेफेनहाउझेन ट्रकतळावर दिसले. एका पोलिश मालकाचे साठेक ड्रायव्हर, जॉर्जिया आणि उझबेकिस्तानकडचे, पगार थकला म्हणून गाड्या लावून बसले. मालकाने समजूत काढायला खासगी रक्षकांची तुकडी पाठवली, चिलखती गाडीसकट. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. उन्हाळ्यात त्याच मालकाचे आणखी ड्रायव्हर तिथेच येऊन बसले, आणि सप्टेंबरात काहींनी उपोषण सुरू केलं. जो मालक पगार बुडवतो तो विम्याचा हप्ता मात्र वेळेवर भरतो, अशी श्रद्धा ठेवायला फार मोठं मन लागतं.

आपल्याला याचं काय, असं म्हणायची सोय आता नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, आणि त्यात वाहनचालकही आहेत. जर्मन मालकाकडे रीतसर नोकरी मिळाली तर जर्मन विमा मिळेल आणि काळजी बरीच कमी. पण पोलंड, लिथुआनियाचे ट्रक दाखवणाऱ्या एजंटांच्या जाहिरातीही मोबाईलवर येतात, आणि त्यात पगाराचा आकडा मोठ्या टाईपात असतो.

तेव्हा घरातलं पोरगं निघालं असेल तर त्याला बजावून ठेवा. पगाराच्या आकड्यात मूळ पगार किती आणि भत्ता किती ते लेखी घे. ए-१ दाखला आणि निळं कार्ड हातात पडल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू नकोस. आजारी पडलास तर परतीचं तिकीट कोण काढणार, हे करारात नसेल तर वेगळा विमा काढ. आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर पाठ कर. तो संघाच्या सत्तावीसही देशांत लागतो, डेन्मार्कमध्येसुद्धा, आणि फुकट लागतो.