मेकअपची भरपाई

डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली इंग्रजीचा कोश काढला आणि त्याच्या प्रस्तावनेतच हात टेकले. साध्या क्रियापदाला ‘ऑफ’, ‘ऑन’, ‘इन’ असले शेपूट लागले की अर्थ कुठल्या कुठे जातो, आणि तो तिथे कोणत्या वाटेने पोचला हे कितीही हुशार माणसाला सांगता यायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. एवढ्या मोठ्या माणसाशी वाद घालू नये. पण ‘मेक अप’पुरता घालायला हरकत नाही. वरवर पाहता साहेबांचेच खरे वाटते. इंग्रज तोंडाला रंग लावतो तो मेक अप, थाप रचतो तो मेक अप, बायकोशी भांडून पुन्हा गोडीत येतो तोही मेक अप. मनाचा निश्चय करायचा, बुडालेला वेळ भरून काढायचा, चिठ्ठीबरहुकूम औषध तयार करायचे, पाहुण्याला अंथरूण घालायचे, सगळीकडे तेच दोन शब्द. आपण यातला रंग तेवढा उचलला आणि बाकीचे लचांड त्यांच्याकडेच ठेवले. व्यवहाराला आपण कच्चे नाही.

पण या सगळ्यांत एक धागा आहे: काहीतरी उणे आहे आणि ते पुरे करायचे आहे. वेळेचे तर उघडच आहे. भांडणात अबोला पडलेला असतो, मन अर्धवट असते, चिठ्ठी म्हणजे अजून औषध नव्हे. थापेतही जिथे खरे अपुरे पडते तिथे कल्पनेची भर घालतात. रंगाचा मेक अप तर एकोणिसाव्या शतकात नाटकवाल्यांकडून आला. नट कितीही चांगला असला तरी राजाचे तोंड त्याला घरून आणता येत नाही. आणि चेहरा व थाप एका पंगतीला बसवण्यात इंग्रजांनी जगावेगळे काही केलेले नाही. आपणही चेहरा रंगवतो आणि गोष्टही रंगवूनच सांगतो. ‘अशी ही बनवाबनवी’ या चित्रपटात तर भाड्याच्या खोलीसाठी दोन्ही कामे एकदमच उरकली आहेत.

यावर कोणी विचारील, की मग यात ‘वर’ काय जाते? काहीच नाही. हा ‘अप’ काम शेवटास गेल्याची खूण आहे. आपण पोराला ‘पोळी खाऊन टाक’ म्हणतो, तेव्हा कुठे त्याने ती खाऊन मग टाकावी अशी अपेक्षा असते? दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: इंग्रजीत ‘रिकन्साइल’, ‘फॅब्रिकेट’, ‘कॉम्पेन्सेट’ असे भारदस्त शब्द असताना ही फाटकी जोडी हवी कशाला? भारदस्त शब्द अर्जात शोभतात. रात्री भांडलेल्या बायकोला सकाळी ‘आपण रिकन्साइल होऊ या’ म्हणून पाहावे. ती चहाऐवजी वकील बोलावील. आपली पंचाईत अशी, की आपण इंग्रजी शिकलो ते अर्ज लिहिण्यासाठी. त्यामुळे अवघड शब्द सोपे वाटतात आणि सोप्यांची धास्ती.

जॉन्सनसाहेबांनाही एक गुण द्यायलाच हवा. लिव्हरपूलकडे ‘मेड अप’ म्हणजे बेहद्द खूश, आणि त्यात कोणती तूट भरून निघते हे माझ्या सिद्धान्तात ओढूनताणूनच बसते. तेव्हा तिकडे गेलात आणि कोणी हसतमुखाने ‘मी मेड अप आहे’ म्हणाले, तर त्याच्या गालावर पावडर शोधू नका.